घोडनदीचे मासे

शिरूर तालुक्यातली जुनी माणसं शिरूरला शिरूर म्हणत नाहीत, घोडनदी म्हणतात. 'उद्या घोडनदीला जायचंय', 'घोडनदीच्या बाजारातून बैल आणला', असे बोलणे आजही कानावर येते. नदीचे नाव गावाला चिकटले आणि इतके मुरले, की बोलणाऱ्याला ते नदीचे आहे याची आठवणही राहिली नाही. ती नदी मात्र अजून तिथेच आहे. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरात, आंबेगाव तालुक्यात ती उगम पावते. घोडेगावावरून खाली येते, कुकडीला पोटात घेते, शिरूरच्या कुशीतून आग्नेयेला वळते आणि चिंचणी-निमोण्याच्या माळाला वळसा घालून दौंडजवळ भीमेला मिळते. घोड आणि कुकडी यांच्या दुआबाला या तालुक्यात 'बेट' म्हणतात. पाण्याने वेढलेले ते बेट, अशी भूगोलाच्या पुस्तकातली व्याख्या पाठ केलेल्या मुलाला हा शब्द चुकीचा वाटेल. पण ज्यांनी दोन नद्यांना एकाच रात्री पूर आलेला पाहिला आहे, त्यांना तो तसा वाटत नाही.

या नदीचा इतिहास सांगायचा म्हटले की लोक लष्कराचा इतिहास सांगू लागतात. कंपनी सरकारची शिरूरची छावणी आणि १८१७ च्या डिसेंबरअखेर तिथून कोरेगावाकडे निघालेली पलटण, हे सगळे पुस्तकांत आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायची आहे ती पाण्याखालची हकीकत. तिचा आरंभही एका लष्करी माणसापासूनच होतो.

विल्यम हेन्री साईक्स हे त्याचे नाव. पेशवाई गेल्यानंतर या मुलखात काय पिकते, माणसे किती, बैल किती, पाऊस किती, याची मोजदाद करण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ साली त्याला नेमले. १८३१ पर्यंत हा गृहस्थ दख्खनभर फिरला. हुद्दा मोजणीदाराचा, पण हौस निसर्गाची. पक्षी पाहिले, त्यांची यादी केली. हवामान पाहिले, त्यावर निबंध लिहिला. आणि नदीकाठी तंबू पडला की भोयांनी जाळ्यातून काढलेले मासे मागवून घेतले. ते मोजले, त्यांची चित्रे काढविली, आणि कोळ्या-भोयांना विचारून प्रत्येकाचे नाव लिहून घेतले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा लेख लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळीपुढे आला आणि १८३९ ते १८४१ या काळात छापून निघाला. त्यात चाळीसच्या वर मासे आहेत, आणि त्यांतले बहुतेक तोवर शास्त्राला ठाऊक नव्हते.

इथे एक गंमत आहे. नव्या माशाला लॅटिन नाव द्यायचे असते. दुसरा कुणी असता तर त्याने आपल्या वरिष्ठांची, मित्रांची, फार तर मेव्हण्याची नावे दिली असती. दोन-चार ठिकाणी साईक्सनेही ते केले आहे. पण बहुतेक ठिकाणी त्याने भोयाच्या तोंडचे नाव उचलले आणि तेच लॅटिन ठरवून टाकले. त्यामुळे आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात आपल्या नद्यांतल्या माशांचा तक्ता उघडला, की त्यात 'सींघाला' दिसतो, तो आपला शिंगाळा. 'सींगटी' दिसते, ती शिंगटी. 'मुल्ल्या' दिसतो, तो दगडाला पोट चिकटवून बसणारा मळ्या. 'खुद्री' आहे, 'कोलस' आहे, 'बोग्गट' आहे, 'फुलंगी' आहे, 'पोटेल' आहे, 'टाकरी' आहे. 'नुक्ता' नावाचा एक मासा आहे. त्याच्या नाकाडावर उंचवटा आणि मध्ये खाच असते. त्याचे तोंड एकदा पाहिले की भोयांनी त्याला नकटा का म्हटले असेल ते सांगावे लागत नाही. 'रोहटी' ही तर एका माशाची नव्हे, संपूर्ण गोत्राची संज्ञा झाली. या गोत्रातला एक मासा साईक्सला भीमेत, पेडगावला मिळाला. पेडगाव म्हणजे दौंडच्या खाली, बहादूरगडाच्या पायथ्याशी. ज्यांना सही करता येत नव्हती अशा माणसांचे शब्द याप्रमाणे विलायतेच्या दप्तरात कायमचे नोंदले गेले.

आणि घोडनदीच्या वाट्याला काय आले? 'मुसुल्ला'. हा मोठा, जाड खवल्यांचा, बार्बस जातीचा मासा साईक्सने शिरूरला घोडनदीतून घेतला. शास्त्राच्या भाषेत ज्या जागेवरून एखादा प्राणी प्रथम वर्णन केला जातो ती त्याची मूळ जागा. मुसुल्ल्याची मूळ जागा आपली घोडनदी. पुढे या माशाच्या नावाचा मोठा घोटाळा झाला. दक्षिणेतल्या कावेरीत पाठीवर वशिंड असलेला एक प्रचंड महसीर सापडे. इंग्रज शिकारी त्याच्यामागे वेडे होते. त्यालाच लोक मुसुल्ला म्हणू लागले, आणि हे नाव पुस्तकापुस्तकांतून शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. अगदी अलीकडे, २०१३-१४ च्या सुमारास, अभ्यासकांनी साईक्सचे मूळ वर्णन पुन्हा नीट वाचले आणि दाखवून दिले, की घोडनदीचा मुसुल्ला महसीर नव्हेच, तो वेगळ्या गोत्रातला मासा आहे. कावेरीतल्या वशिंडवाल्याला मग २०१८ साली त्याचे खरे नाव मिळाले. आपल्या मुसुल्ल्याला त्याचे नाव परत मिळाले खरे, पण तोवर त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत झालेली होती.

आता हे मासे नदीत जगत कसे, ते पाहू.

आसाम-बंगालच्या लोकांना पूरमैदानातली पाणथळ म्हटले की काय ते लगेच कळते. तिकडे नदी आपली कूस बदलते, जुने पात्र मागे टाकते, त्याचे तळे होते. त्याला ते बील म्हणतात, बिहारात चौर म्हणतात. मैलच्या मैल सपाट मुलूख पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि त्या उथळ पाण्यात माशांची वीण होते. कंबोडियातल्या तोनले साप सरोवराचे तर असे, की मेकाँगला पूर आला की तिथली नदी उलटी वाहू लागते, सरोवर कितीतरी पटींनी पसरते, आणि त्यावर एका देशाचे कालवण चालते.

आपल्याकडे तसे नाही. दख्खनच्या नद्या काळ्या पाषाणात खोल उतरलेल्या आहेत. त्यांना पसरायला जागा थोडी. पण थोडी म्हणजे अजिबात नाही असे नव्हे. नदीच्या आतल्या वळणावर मळई साचते. ओढा नदीला मिळतो तिथे तोंडाशी दलदल होते, लव्हाळी माजते. कातळात डोह असतात, आणि त्यांतले काही पूर्वी भर मे महिन्यात आटत नसत. डोह, मळई आणि ओढ्याचे तोंड, एवढेच आमचे पूरमैदान. लहान आहे, पण माशाला तेवढे पुरत असे.

निमोण्याच्या परिसरात पाऊस कमी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग; वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला की शेतकरी देवाला नारळ फोडतो. पण नदी मात्र इथल्या पावसावर अवलंबून नव्हती. पाऊस पडे डोंगरात आणि पूर येई माळावर. जूनच्या अखेरीस एखाद्या कोरड्या दुपारी, डोक्यावर ऊन असताना, घोडेला तांबडे पाणी येई. त्या पाण्याला वास असे. वरच्या मातीचा, कुजलेल्या पाल्याचा. माणसाला तो वास येवो न येवो, माशाला येई. डोहात उन्हाळा काढलेला मासा त्या वासासरशी बाहेर पडे आणि प्रवाहाच्या उलट चढू लागे. हेच ते चढणीचे मासे. अंड्यांनी पोट भरलेली मादी उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतावर, ओढ्याच्या तोंडाशी जाई. कार्प जातीच्या माशांची अंडी अर्ध्यापाऊण दिवसात फुटतात. पण फुटलेले पिल्लू डोळ्यालाही नीट दिसत नाही इतके बारीक असते. त्याला काही आठवडे कोमट, संथ, किड्यामुंग्यांनी भरलेले पाणी लागते. मळईवरचे पाणी तसेच असे. भाद्रपदात पूर हळूहळू ओसरला की बोटाएवढी झालेली पोरे पाण्याबरोबर नदीत उतरत आणि डोहात हिवाळ्याला जात.

या सगळ्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. पूर वेळेवर यावा, तो काही दिवस टिकावा, आणि ओसरताना सावकाश ओसरावा. पुढचे सगळे रामायण या तीन गोष्टींभोवतीच आहे.

नदीकाठचा भोई हे जाणत होता. १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यात या भोयांची नोंद आहे; पालखी वाहणारे आणि मासे धरणारे, अशी. पालख्या गेल्या, मासे राहिले. पाग टाकायचा, गळ लावायचा, पुरात भोपळ्यांच्या सांगडीवरून माणसे पैलतीरी न्यायची, आणि उन्हाळ्यात वाळूत कलिंगडे-खरबुजांचे वाफे धरायचे. एक म्हातारे भोईबुवा मला भेटले होते. ते सांगत, "चढणीचा मासा आम्ही पहिले दोन दिवस मारत नसू. पहिलं पाणी त्याचं." हा नियम सगळीकडे होता असे मी म्हणणार नाही. चढणीच्या माशावर तुटून पडणारी गावेही होतीच. पण मासा कधी आणि का चढतो हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यासाठी त्यांना साईक्सची गरज नव्हती. साईक्सला त्यांची होती. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे कुणी मारायचे नाहीत, हा दंडकही लोकांनीच घातलेला. वरून तो धर्माचा दिसतो, पण बियाण्याची कणगी राखावी तसा एक डोह राखला गेला, हा त्याचा व्यवहार.

मग धरणे आली. घोडेवर चिंचणीला बांध पडला आणि १९६५ च्या सुमारास त्यात पाणी साठू लागले. निमोण्याच्या शेजारचेच हे धरण. त्याच्या कालव्यांनी शिरूर आणि श्रीगोंद्याच्या जिरायतीला पाणी दिले. बाजरी-मटकीच्या माळावर ऊस उभा राहिला. हे चांगले झाले की वाईट, असा प्रश्न शहरात बसून विचारणे सोपे आहे. ज्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि खडी फोडली, त्याला विचारा. माझे म्हणणे एवढेच, की जमाखर्च लिहिताना खर्चाची बाजू कुणी लिहिली नाही. बांधाला दरवाजे ठेवले, कालवे ठेवले. चढणीच्या माशाला वाट ठेवली नाही. खाली भीमेवर १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि त्याचा फुगवटा थेट दौंडच्या अंगणापर्यंत आला. वर डिंभे झाले, भीमेवर चासकमान झाले, जागोजाग कोल्हापुरी बंधारे झाले. दोन बांधांमधली नदी ही नदी न राहता पायरीपायरीची तळी झाली. जूनचे पहिले तांबडे पाणी वरच्या धरणात अडते. धरण भरते ऑगस्टात. मग एके दिवशी भोंगा वाजतो, विसर्ग सोडतात, आणि नदी एका रात्रीत फुगून तीन दिवसांत पुन्हा पोटात जाते. त्या तीन दिवसांच्या पाण्यावर भुलून एखाद्या मादीने मळईवर अंडी टाकलीच, तर ती चौथ्या दिवशी उन्हात वाळतात.

राहिलेले काम वाळूने केले. घोड आणि भीमेची वाळू गेल्या तीस-चाळीस वर्षांत अशी उपसली गेली, की डोह कुठला आणि खड्डा कुठला हे सांगता येत नाही. वाळू म्हणजे नदीचे गाळणे. ते गेल्यावर पाणी नुसते साचते. भीमेत तर मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी येते आणि त्यावर जलपर्णी पोसते.

पाण्यात मासा नाही असे मात्र नाही. मासा आहे, पण तो दुसरा. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुल येथे हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण करून दाखविली. त्यानंतर माशाचे बी कारखान्यात तयार होऊ लागले, आणि गंगेचे कटला, रोहू, मृगळ आमच्या धरणांत आले. ही मंडळी वाईट नाहीत. चवीला चांगली, वाढीला झपाट्याची. पण बी सोडले तर मासा, नाही सोडले तर नाही; आपल्या पायांवर उभी राहिलेली ही वस्ती नव्हे. लोणावळ्याजवळ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास आपल्या खुद्रीची, म्हणजे दख्खनच्या महसीराची, वीण करून दाखविली होती आणि तिथल्या टाटांच्या तळ्यांवर ते काम पुढे चालले. घोडेच्या मुसुल्ल्याच्या नशिबी तेवढे आले नाही.

न बोलावता आला तो आफ्रिकेतला तिलापिया. भारतात तो १९५२ साली आणला गेला. भीमाकाठी त्याचे नाव चिलापी. तो कुठेही राहतो, काहीही खातो, वर्षातून अनेकदा वितो, आणि पिल्ले तोंडात धरून वाढवतो. त्याला पूर लागत नाही, मळई लागत नाही, पहिल्या पाण्याचा वास लागत नाही. नदी मेली तरी ज्याचे काही बिघडत नाही, असा हा मासा. गरिबाच्या ताटात आज तोच आहे, तेव्हा त्याला नावे ठेवायला जीभ वळत नाही. त्याच्या मागून शोभेच्या हौदांतून सुटलेला दक्षिण अमेरिकेतला सकर आला, ज्याला आमची पोरे हेलिकॉप्टर म्हणतात. त्याला ना खाता येत, ना विकता येत. अंगावर चिलखत, आणि काट्यांनी जाळे फाडतो. भोयाने दिवसभराच्या कष्टानंतर जाळे ओढावे आणि त्यात हे निघावे.

इथवरची गोष्ट माणसाने थेट केलेल्या करणीची. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिच्यात आणखी एक पात्र शिरले आहे, आणि ते सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे पाऊस.

साईक्सचाच आधार पुन्हा घेतो. माशांचा लेख लिहिण्याच्या आधी, १८३५ साली, त्याने दख्खनच्या हवामानावरचा आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथात छापला. हवेचा दाब, उष्णता, पाऊस यांची त्याने वर्षानुवर्षे ठेवलेली टाचणे त्यात आहेत. मासे आणि पाऊस यांची नोंद एकाच माणसाने, एकाच मुलखात, एकाच काळात करावी, हा योग फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आला असेल. पुढे १९२८ साली हवामान खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्याला आली. १९६२ साली पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था निघाली. त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक निष्कर्ष मांडला: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच वेळी एकूण पाऊस मात्र वाढला नाही. अरबी समुद्र तापतो आहे. तिथून येणारी वाफ एकसारखी न येता हिसक्याहिसक्याने येते. रोजची मजुरी बंद होऊन महिन्यातून एकदा लॉटरी लागावी, तशी ही अवस्था. बेरीज तीच, पण घर चालत नाही.

भीमेच्या खोऱ्यात हे आपण डोळ्यांनी पाहिले. २०१२-१३ आणि २०१५-१६ ही कोरडी वर्षे. २०२० च्या ऑक्टोबरात, पावसाळा संपला असे म्हणावे तोच, बंगालच्या उपसागरातले वादळ जमिनीवरून चालत इथवर आले आणि इंदापूर-दौंडच्या शेतांतून नद्या वाहिल्या. २०२३ ला पावसाने पाठ फिरविली. उजनी भरलेच नाही, आणि २०२४ च्या जूनमध्ये त्याचा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला. उणे टक्के म्हणजे काय, असे पुष्कळ जण विचारतात. उजनीत सर्व मिळून सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले तळचे ६३ टीएमसी हे मृत, म्हणजे न वापरायचे, असे गृहीत धरलेले आहे. त्या मृतालाही हात घालावा लागला की आकडा शून्याखाली जातो. आणि त्याच वर्षी ऑगस्टात धरण तुडुंब भरून खाली पंढरपूरला पुराचा इशारा द्यावा लागला. दोन महिन्यांत हे टोक ते ते टोक. पुढच्याच वर्षी, २०२५ ला, मे महिन्यात बारामती-दौंड-इंदापुरात ओढे फुटले आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. एरवी तो जूनच्या अकराव्याच्या सुमारास यायचा.

लवकर पाऊस आला तर माशाला बरेच की, असे वाटेल. पण माशाच्या पोटातली अंडी पिकायला दिवसाची लांबी आणि पाण्याची ऊब यांचा हिशोब लागतो. अंडी कच्ची असताना पूर आला तर तो पूर वाया जातो; ती पिकली आणि पूर आला नाही, तर मादी ती अंडी पोटातच जिरवते. बराकपूरच्या केंद्रीय मत्स्य संशोधन संस्थेने बंगालमधल्या बीज केंद्रांवर पाहिले, की पूर्वी मे-जूनमध्ये वीण देणारे कार्प मासे आता मार्चमध्येच तयार होऊ लागले आहेत. कारण पाणी लवकर तापते. बीज केंद्रात हे चालते. तिथे इंजेक्शन आहे, हौद आहे, पंप आहे. नदीतल्या माशाने मार्चमध्ये तयार होऊन काय करायचे? त्या वेळी घोडेच्या पात्रात लहान मुले क्रिकेट खेळत असतात.

पाणी तापण्याचा दुसरा परिणाम सरळ हिशोबाचा आहे. मासा पाण्यातला प्राणवायू घेतो. वीस अंश उष्णतेच्या एका लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशाला साडेसातच. आणि तापलेल्या पाण्यात माशाचे शरीर अधिक जोराने चालते, म्हणजे त्याला प्राणवायू अधिक हवा असतो. कमाई घटली आणि खर्च वाढला. त्यात पाणी उथळ, वर शेवाळ, तळाशी कुजका गाळ. मग एखाद्या एप्रिलच्या पहाटे मेलेले मासे काठाला लागतात आणि वर्तमानपत्रात 'विषप्रयोगाचा संशय' असा मथळा येतो. कधी तो संशय खराही असतो. पण पुष्कळदा पहाटेपूर्वी पाण्यातली हवा संपलेली असते, एवढेच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धरणांनी जुनी पाणथळ बुडविली, तशी नवी निर्माणही केली. उजनीच्या फुगवट्यात भिगवणपासून कुंभारगावपर्यंत उथळ काठ आहे. हिवाळ्यात पाणी उतरले की तिथे चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांना पाहायला पुण्या-मुंबईची माणसे पहाटे मोटारी घेऊन येतात. भोयांची पोरे त्यांना नावेतून फिरवतात. पूर्वी मासे धरणारा आता पक्षी दाखवतो, आणि दोन पैसे मिळवतो. पाणी आणखी उतरले की जुन्या पळसदेवाचे मंदिर वर येते, गावातल्या वाटा दिसतात. उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतो. पक्ष्याला, माशाला, शेतकऱ्याला आणि नावाड्याला, चौघांनाही त्या एकाच काठावर जगायचे आहे, आणि प्रत्येकाला पाण्याची पातळी वेगळी हवी. पातळी हळू आणि ठरावीक वेळी उतरत होती तोवर चौघांचे कसेबसे जमत असे. धरण परतीच्या पावसाने हिवाळाभर काठोकाठ राहिले की चिखल उघडा पडत नाही आणि रोहित उशिरा येतात. धरण मार्चमध्येच शून्याखाली गेले की मासा तळच्या डबक्यात गोळा होतो आणि मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांनी बोटभर पिल्लूही उचलले जाते. पुढच्या वर्षीचे भांडवलच मोडून खाल्ले जाते. ज्याच्या घरात चूल पेटायची आहे त्याला दोष देणे सोपे आहे, म्हणून मी तो देत नाही. आणि या पाण्यावर वारेही बदलले आहेत. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली.

मागच्या पावसाळ्यात मी निमोण्याकडे गेलो होतो. धरण भरलेले होते, कालवा वाहत होता, उसाला पाणी चालले होते. नदीच्या काठी दोन मुले गळ टाकून बसली होती. मी विचारले, "काय लागतं?" "चिलापी," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "कधी कधी वाम." मी शिंगाळा विचारला, तो त्यांना ठाऊक होता, आजोबांकडून. मळ्या विचारला, त्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग मी मुसुल्ला हे नाव घेतले.

"हे कुठलं नाव?" धाकट्याने विचारले.

मी म्हटले, "इथलंच. याच नदीचं."

त्याने गळाची दोरी जरा ओढून पाहिली, काही लागले नव्हते. "मग आम्हाला कसं नाही माहीत?" तो म्हणाला, आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागला.